दृढीकरणाआधी दोन कामं वेळेत उरका

मुलीचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करणारा कॅथलिक संस्कार, ठरलं की पांढऱ्या फ्रॉकची खरेदी आधी होते. वसईत काय, मुंबईत काय, सगळीकडे तेच. पण आधी बाप्तिस्म्याचा दाखला मागवा. तो जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून मिळतो, आणि घर बदललेलं असेल तर वेळ लागतो. हातात आला की नाव आणि जन्मतारीख शाळेच्या कागदांशी ताडून पाहा. दृढीकरणाची नोंद पुढे त्याच बाप्तिस्मा-नोंदवहीत होते आणि लग्नाच्या वेळी तोच दाखला लागतो, म्हणून चूक आत्ताच दुरुस्त करून घ्या. समारंभानंतर ती नोंद तिकडे पोचली का, हेही विचारा.

दुसरं काम धर्मपिता किंवा धर्ममाता, म्हणजे श्रद्धेच्या वाटेवर मुलीच्या पाठीशी उभी राहणारी व्यक्ती, निवडण्याचं. आई-वडिलांना ही जबाबदारी घेता येत नाही. निवडलेली व्यक्ती साधारणपणे 16 वर्षं पूर्ण झालेली, स्वतःचं दृढीकरण झालेली आणि श्रद्धेला धरून जगणारी कॅथलिक हवी. शक्यतो बाप्तिस्म्याच्या वेळचीच असावी, अशी चर्चची इच्छा असते. मला विचाराल तर परदेशातल्या मानाच्या पाहुण्यापेक्षा दर रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) भेटणारी मावशी कितीतरी बरी. मुलीला शंका आली, तर ती कोणाकडे धावत जाईल?

बिशप मुलीच्या कपाळावर क्रिझम हे पवित्र तेल लावतात तेव्हा धर्ममाता उजवा हात तिच्या खांद्यावर ठेवते. केस कपाळावर येऊ देऊ नका. ‘आमेन’ मात्र मुलीनं स्पष्ट म्हणावं, घरी सराव करून घ्या. आदल्या दिवसांत पापनिवेदनालाही न्या.