डेथ स्ट्रँडिंग: झिपलाइनचा खांब कुठे रोवायचा

डेथ स्ट्रँडिंग या व्हिडिओ गेममध्ये झिपलाइन (खांबावरून खांबावर सरकत जायची सोय) उभारायला पीसीसी (बांधकामं उभारायचं सोबत नेता येणारं यंत्र) लेव्हल २ लागतो. दोन खांबांत कमाल अंतर ३०० मीटर, खांब लेव्हल २ केला की ३५०. पण जोडणी बहुतेक वेळा अडते ती मध्ये आलेल्या कड्यामुळे. अंजनेरी चढलेल्या नाशिककरांना हे लगेच पटेल: माथ्यावरून लांबचं गाव दिसतं, जवळच्या सोंडेआडचं नाही. म्हणून खांब सपाटीच्या मधोमध नको, अगदी धारेवर रोवा. तरीही रेष अडली, तर दोन-चार पावलं बाजूला सरकून पाहा. चढावरही हीच लाइन चालते, तेव्हा बर्फाळ डोंगर आधी जोडा. बांधकामं उभारताना खर्ची पडणारी बँडविड्थ मर्यादित असते, सपाट रस्त्यावर ती घालवू नका. टाइमफॉलने (वस्तू झिजवणाऱ्या गेममधल्या पावसाने) खांब झिजतात, येता-जाता दुरुस्ती करत राहा.