बाळ घरात असताना घराचे काम कसे काढावे

आमची डोंबिवलीतील इमारत ३५ वर्षांची आहे. आमच्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी गळू लागले, तेव्हा मुलगी ५ महिन्यांची होती. काम पुढे ढकलण्यासारखे नव्हते, आणि न्हाणीघर फोडायचेच आहे तर जुनी वायरिंग, ओल धरलेला गिलावा आणि स्वयंपाकाचा ओटाही त्याच हातासरशी करून घ्यावा असे आम्ही ठरवले. काम ११ आठवडे चालले. त्यांपैकी ३ आठवडे मुलगी आपल्या आजोळी होती, उरलेले ८ आठवडे ती याच घरात राहिली. कंत्राटदार कामाचा क्रम आपल्या माणसांच्या सोयीने लावतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. परंतु घरात तान्हे मूल असेल तर हा क्रम मुलाच्या वयावरून आणि झोपेवरून लागला पाहिजे, आणि तो घरच्यांनीच काम सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहून द्यावा लागतो.

बाळ घरात केव्हा नसावे

सून बाळंतपणाला माहेरी गेली की मागे घराचा रंग काढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत शहाणपणाची आहे. मात्र बहुतेक घरांत बाळ-बाळंतीण येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत रंगारी शेवटचा हात मारत असतात, आणि बाळ ओल्या रंगाच्या वासातच घरात पाऊल ठेवते. शेवटचा रंग किंवा पॉलिश झाल्यानंतर खिडक्या उघड्या ठेवून, पंखे चालू ठेवून निदान २ ते ३ आठवडे जाऊ द्यावेत. पावसाळ्यात खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि भिंतीही वाळत नाहीत. म्हणून दिवाळीनंतर काम सुरू करून होळीच्या आत संपवणे सर्वांत सोयीचे पडते.

काम चालू असताना घरातच राहणे भाग असेल, तरी ४ कामांच्या दिवशी बाळाला दुसऱ्या घरी न्यावे: जुना रंग खरडणे, भिंत किंवा फरशी फोडणे, लाकडाला पॉलिश अथवा ऑइल पेंट लावणे आणि वाळवीची फवारणी. शेजारच्या घरात दिवसभर थांबून रात्री परत येणे फोडकामाच्या दिवशी चालू शकते, पण तेही संध्याकाळची सफाई झाल्यावरच. पॉलिश आणि फवारणी यांना मात्र रात्रही बाहेरच काढावी, आणि फवारणीनंतर घरात केव्हा यावे हे औषध मारणाऱ्याकडून लिहून घ्यावे. लसीकरणाच्या तारखाही कामाचा क्रम लिहिलेल्या कागदावरच टिपाव्यात. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींनंतर अनेक मुलांना दीड-दोन दिवस ताप व चिडचिड असते. त्या दिवसांत घरात हातोडा चालू नये.

वयाचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. चार महिन्यांपर्यंतचे मूल ठेवाल तिथे राहते, त्यामुळे त्याला धूळ, वास आणि आवाज यांपासून जपले की पुष्कळसे काम होते. सात-आठ महिन्यांचे मूल रांगते आणि हाती लागेल ते तोंडात घालते. आमचे काम नेमके या दोहोंच्या मध्ये सापडले. पहिल्या महिन्यात मुलगी सतरंजीवर पालथी पडून खेळत असे. दुसऱ्या महिन्यात एके दुपारी ती मागे सरकत सरकत दाराच्या पडद्याखालून निम्मी बाहेर गेली, आणि तिची मूठ उघडली तेव्हा आत लांबीचा, म्हणजे रंगाआधी भिंतीला भरतात त्या पुट्टीचा, सुपारीएवढा वाळलेला खपला होता. ती लाळेने पांढरी झालेली बोटे मला अजून आठवतात. त्या संध्याकाळपासून पडद्याच्या आत लाकडी फळी आडवी लावली. काम लांबणारच, हे धरून चालावे आणि आजच्या वयाची नव्हे, दोन महिन्यांनंतरच्या वयाची तयारी करावी.

एक खोली आधी पूर्ण करावी

फोडकामापासून सर्वांत दूर असलेली, स्वतंत्र खिडकी असलेली एक खोली निवडावी. तिची वायरिंग, गिलावा आणि रंग सर्वांच्या आधी संपवावेत, आणि त्यानंतर तिथे कामगाराचे एकही हत्यार जाऊ देऊ नये. कंत्राटदार म्हणेल की सगळ्या घराची लांबी एकदम भरली तर पैसे वाचतील. खरेच थोडे वाचतात, तरीही ते वाचवू नयेत.

दाराला जाड प्लास्टिकचे दोन पडदे लावावेत. एक पडदा वरून आणि डाव्या बाजूने, दुसरा वरून आणि उजव्या बाजूने चिकटपट्टीने पक्का करावा, म्हणजे मध्ये ते हातभर एकमेकांवर येतात आणि माणूस आतबाहेर करूनही फट राहत नाही. उंबऱ्याशी ओले पोते अंथरावे व चपला बाहेरच ठेवाव्यात. आतमध्ये पाळणा, कपडे, औषधे, उकळून गार केलेले पाणी आणि विजेची एक छोटी शेगडी एवढे असले म्हणजे ओटा फुटलेल्या दिवसांतही मऊ भात आणि नाचणीची पेज इथेच होते. शेगडी आणि तिची वायर उंचावर असावी. दुपटी गॅलरीत वाळत घालू नयेत. शेजारी कटर चालू असेल तर सगळी भुकटी त्यांवर बसते आणि मग तीच थेट बाळाच्या अंगाला लागते.

धूळ

या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक लक्ष धुळीवर द्यावे, कारण हातोड्याचा आवाज थांबला की तो संपतो, धूळ मात्र उरते. फरशी, ग्रॅनाइट किंवा काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांत खोलवर जाते. फरशी शक्यतो इमारतीच्या आवारात, पाण्याची धार सोडून कापून घ्यावी. भिंतीत वायरिंगसाठी झिऱ्या मारायच्या असतील तर आधी भिंत भिजवावी. काम चालू असलेल्या खोलीतला छताचा पंखा बंद ठेवावा, आणि खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या दिशेने तोंड करून लावावा. त्याने हवा घराबाहेर ओढली जाते.

संध्याकाळी कामगार गेल्यावर लगेच झाडू हातात घेऊ नये. झाडूने बसलेली धूळ पुन्हा उठते. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा, मग ओल्या फडक्याने पुसावे, पाणी बदलून पुन्हा एकदा पुसावे. साध्या व्हॅक्यूम क्लीनरमधून अतिशय बारीक धूळ मागून परत बाहेर पडते, त्यामुळे हेपा फिल्टर असलेले यंत्र नसेल तर ओले फडकेच बरे. दिवसभर गवंड्याजवळ उभे राहिलेल्या माणसाने, मग तो बाळाचा बाप का असेना, हातपाय धुऊन कपडे बदलल्याशिवाय बाळाला घेऊ नये. आमच्याकडे हा नियम आजोबांना पटायला चार दिवस लागले.

जुन्या रंगाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांच्या वर असू नये, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः दारे, खिडक्यांच्या चौकटी आणि ग्रिल यांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार शिशाची कोणतीही पातळी निर्धोक मानता येत नाही, आणि लहान मुलांच्या शरीरात ते मोठ्यांच्या चार ते पाचपट शोषले जाऊ शकते. त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. म्हणून असा रंग पॉलिश पेपरने कोरडा घासू नये आणि आगीच्या झोताने जाळूनही काढू नये. पृष्ठभाग घट्ट असेल तर तसाच ठेवून वरून नवा रंग द्यावा. सुटत असेल तर ओला करून खरडावा, खाली प्लास्टिक पसरावे आणि पडलेले खपले त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाहेर न्यावेत. बाळ अशा धुळीत राहिले असल्याची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगावे. रक्तातील शिसे तपासता येते.

वास, शेगडी आणि पाणी

भिंतींना कमी वासाचा, पाण्यात मिसळणारा रंग निवडावा. थिनर, टर्पेंटाइन, पॉलिश आणि रबराच्या गोंदाचे डबे रात्री घरात ठेवू नयेत. या पदार्थांची वाफ लवकर पेट घेते. आपल्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरी देतात. बाळाच्या श्वासासाठी धूर मुळात चांगला नाही, असेच आमच्या डॉक्टरांनी सांगितले. आणि थिनर उघडा असलेल्या घरात निखारा पेटवणे तर उघड धोक्याचे आहे. आजीची समजूत घालताना मी दुसरे कारण आधी सांगितले, आणि ते तिला चटकन पटले.

पाण्याचे पिंप. आपल्या प्रत्येक कामावर सिमेंट कालवायला आणि गिलाव्यावर मारायला पाणी भरून ठेवलेले असते. धरून उभे राहू लागलेले मूल बादलीत डोकावते, त्याचे डोके जड असल्यामुळे ते पुढे कलंडते आणि त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही. अर्ध्या बादलीएवढे पाणीही त्याला पुरते. पिंपाला घट्ट झाकण हवे, संध्याकाळी बादल्या पालथ्या घातलेल्या हव्यात, आणि वॉटरप्रूफिंगच्या चाचणीसाठी न्हाणीघरात पाणी तुंबवून ठेवले असेल तेव्हा दाराला बाहेरून वर कडी हवी.

ओल्या सिमेंटने आणि चुन्याने त्वचा भाजते. डोळ्यात गेल्यास चोळू नये; वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धूत राहावे आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

कामगारांशी बोलणे

बाळाच्या झोपेची वेळ मुकादमाला सांगून भागत नाही, प्रत्यक्ष हातोडा धरणाऱ्याला सांगावी लागते. आम्ही दारावर कागद चिकटवला होता: सकाळी ११ ते १२.३० ठोकाठोक नाही. त्या वेळात ते माल कालवत, फरशी मापून मांडत, जेवण उरकत. दुपारी २ ते ४ आमच्या सोसायटीचाच नियम होता. एकदा सांगितल्यावर माणसांनी तो कसोशीने पाळला.

आमच्या कामावर येणाऱ्या एका बिगारी बाईबरोबर तिचा सात-आठ महिन्यांचा मुलगा असे. पहिल्या दिवशी तिने साडीची झोळी राडारोड्याच्या गोण्यांशेजारी, जिन्याच्या कठड्याला बांधली होती. आमच्या मुलीसाठी दोन पडदे आणि तिच्या मुलासाठी धूळ, हे पाहणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्याचे अंथरूण स्वच्छ खोलीत टाकले आणि फोडकामाच्या दिवशी तिची मजुरी देऊन तिला यायला नको म्हटले. घराचे काम काढणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा: तुमच्याबरोबर लहान मूल येणार आहे का?

भिंती उघड्या आहेत तोवर

पुढच्या दोन-तीन वर्षांची सोय याच दिवसांत स्वस्तात होते. वायरिंग बदलताना ३० मिलिअँपिअर इतकी विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण (आरसीसीबी) बसवून घ्यावे आणि अर्थिंग तपासून घ्यावे. खालची सॉकेट आतून झडप असलेली घ्यावीत. खिडकीच्या ग्रिलमधील व गॅलरीच्या कठड्यातील फट ४ इंचांपेक्षा कमी असावी, आणि ग्रिलला पाय ठेवता येतील अशा आडव्या पट्ट्या खालच्या भागात नसाव्यात.

पाळण्याचा हूक लोकांच्या हमखास विसरण्यात येतो. फॉल्स सीलिंग करायचे असेल तर हूक त्याआधी थेट स्लॅबमध्ये बसवावा. जिप्समच्या पत्र्याला किंवा त्याच्या सांगाड्याला पाळण्याचा भार कधीही देऊ नये. आम्ही हूक बसवल्यावर त्याला ५० किलोंची सिमेंटची गोणी तासभर टांगली, हलकेच झुलवली, आणि स्लॅबला तडा नाही हे टॉर्च लावून पाहिले. त्यानंतरच पाळणा अडकवला.

न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवू नये. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आईला काही समजण्यापूर्वीच दोघे बेशुद्ध पडू शकतात. विजेच्या गीझरचे तापमान ५० अंशांच्या आसपास ठेवावे आणि बादलीत नेहमी आधी गार पाणी घ्यावे.

खोली बाळाच्या ताब्यात देण्यापूर्वी

काम संपले असे कंत्राटदाराने म्हटल्यावर आम्ही प्रत्येक खोलीला ३ दिवस दिले. पहिल्या दिवशी पंख्याची पाती, दारांच्या वरच्या कडा, खिडक्यांचे रूळ आणि एसीच्या जाळ्या ओल्या फडक्याने पुसल्या, कारण पंखा सुरू करताच तिथली धूळ पुन्हा खाली येते. दुसऱ्या दिवशी जुन्या स्पीकरमधले लोहचुंबक दोरीला बांधून जमिनीलगत, भिंतीच्या कडेकडेने फिरवले. पुसून लख्ख दिसणाऱ्या दिवाणखान्यात ९ बारीक खिळे, ३ स्क्रू आणि ब्लेडचा एक तुकडा निघाला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः रांगत सगळी खोली फिरलो. उभ्याने दिसत नव्हते ते तेव्हा दिसले: कपाटाच्या खालच्या कडेला राहिलेली लाकडाची कुसे, सॉकेटमागून डोकावणारी वायर, पायरीच्या ग्रॅनाइटची धारदार कड. सुताराला आणि वायरमनला पुन्हा बोलावून ते नीट करून घेतले, त्यांचे शेवटचे पैसे त्यानंतर दिले, आणि मग दारावरचे प्लास्टिकचे पडदे काढले.