लिनक्सवर फायरफॉक्सची नवी आवृत्ती बसवताना

फायरफॉक्सची नवी आवृत्ती साधारण दर चार आठवड्यांनी येते, पण डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीत ती लगेच पोहोचत नाही. तिथे फायरफॉक्स ईएसआर (दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती) मिळते. ईएसआरला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळच्या वेळी मिळतात, नव्या सोयी मात्र वर्षातून साधारण एकदाच. त्यामुळे आकडा जुना दिसला तरी ती असुरक्षित नसते. तुमचे काम तिच्यावर अडत नसेल तर ती तशीच राहू द्या. नवी आवृत्ती हवी ती एखाद्या साइटला लागणाऱ्या सोयीसाठी, वेब डेव्हलपमेंटसाठी किंवा ईएसआरमध्ये अजून न आलेल्या दुरुस्तीसाठी.

उबुंटूवर प्रश्न निराळा आहे. २२.०४ पासून तिथे 'फायरफॉक्स' नावाचे डेब पॅकेज (डेबियन पद्धतीचे, इन्स्टॉल करायचे गाठोडे) नुसता मुखवटा आहे. ते इन्स्टॉल केले की मागच्या दाराने स्नॅप (उबुंटूचे स्वतंत्रपणे अपडेट होणारे पॅकेज) येतो. स्नॅपमधली आवृत्ती ताजीच असते, पण अनेकांना डेब हवे असते. फेडोरा, आर्च आणि लिनक्स मिंट यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीत (पॅकेजांच्या साठ्यात) बहुतेक वेळा चालू आवृत्ती असतेच, तिथे सिस्टिम अपडेट केली की काम होते. अपडेट करूनही ब्राउझर मागेच राहत असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या त्या आवृत्तीचा आधार संपला आहे का, ते आधी पाहा. संपला असेल तर आधी सिस्टिम बदला.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

सुरू करण्यापूर्वी

अ‍ॅड्रेस बारमध्ये 'अबाउट:सपोर्ट' टाका. त्या पानावर तीन ओळी महत्त्वाच्या आहेत: आवृत्ती, प्रोग्रामची फाइल कुठे आहे तो मार्ग, आणि प्रोफाइलचे फोल्डर. मार्गात 'स्नॅप' दिसला तर चालू असलेला फायरफॉक्स स्नॅप आहे, 'यूएसआर' खालचा 'लिब' दिसला तर तो डिस्ट्रोच्या (तुमच्या लिनक्स सिस्टिमच्या) पॅकेजमधून आलेला आहे. एकाच संगणकावर दोन-तीन फायरफॉक्स असणे अगदी सामान्य आहे. 'नवा टाकला तरी जुनाच उघडतो' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

मग ब्राउझर पूर्ण बंद करा आणि प्रोफाइलच्या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवा. बुकमार्क, पासवर्ड, हिस्टरी, एक्स्टेन्शन सगळे त्यात असते. ही पायरी टाळू नका. नव्या आवृत्तीने एकदा प्रोफाइल उघडले की जुनी आवृत्ती ते उघडायला नकार देते आणि नवे रिकामे प्रोफाइल बनवायला सांगते. ही अडवणूक २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून मुद्दाम ठेवलेली आहे, कारण नव्या आवृत्तीने बदललेल्या डेटाबेस फाइली जुनीला नीट वाचता येत नाहीत. 'अलाउ-डाउनग्रेड' हा पर्याय देऊन ती ओलांडता येते, पण खराब झालेले प्रोफाइल पुन्हा सुधारत नाही. प्रत असेल तर त्याची वेळच येत नाही.

यानंतर एकच वाट निवडा. कोणी अपडेट करायचे हे एकाच्याच हाती असले पाहिजे: एपीटीच्या (डेबियन-उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरच्या), फायरफॉक्सच्या स्वतःच्या, नाहीतर स्नॅपच्या.

पहिली वाट: मोझिलाची एपीटी रिपॉझिटरी

डेबियन, उबुंटू आणि त्यांच्यावर आधारलेल्या सिस्टिमसाठी ही वाट मला सर्वांत बरी वाटते. एकदा बसवले की बाकीच्या पॅकेजांबरोबर फायरफॉक्सही अपडेट होतो. मोझिलाने स्थिर आवृत्ती अशी द्यायला २०२४ च्या सुरुवातीला सुरुवात केली.

मोझिलाच्या मदतीच्या पानावर लिनक्ससाठी तयार आज्ञा आहेत. त्या तिथूनच कॉपी करा, हाताने टाइप करताना चूक होते. पण प्रत्येकीचे काम समजून घ्या, म्हणजे अडलेले ठिकाण कळेल.

सुरुवात सही तपासण्याच्या किल्लीने होते. ती 'ईटीसी' खालच्या 'एपीटी' मधल्या 'कीरिंग्ज' फोल्डरमध्ये जाते. हे फोल्डर नसेल तर आधी तयार करा. किल्लीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारी अक्षरांची ओळ) मोझिलाच्या पानावरच्या फिंगरप्रिंटशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, एक अक्षरही वेगळे असेल तर पुढे जाऊ नका. किल्लीची फाइल सर्वांना वाचता आली पाहिजे, कारण एपीटी ती रूट (सर्वाधिकार असलेला यूजर) म्हणून नव्हे, वेगळ्या मर्यादित यूजरच्या नावाने वाचते. परवानगी नसेल तर किल्ली जागेवर असूनही 'पब्लिक की नाही' अशी तक्रार येते. 'सुडो सीएचमॉड ६४४' आणि पुढे फाइलचा मार्ग, एवढ्याने ती थांबते.

मग स्रोताची ओळ. तिच्यात किल्लीचा मार्ग, पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग हा पत्ता, आणि शेवटी 'मोझिला' व 'मेन' हे शब्द असतात. ही ओळ 'सोर्सेस.लिस्ट.डी' मधल्या फाइलमध्ये ठेवा. अशा एका ओळीच्या स्रोतासाठी फाइलच्या नावाच्या शेवटी '.लिस्ट' हवेच, नाहीतर एपीटी ती ओळ वाचत नाही.

तिसरी गोष्ट प्राधान्याची. बहुतेक जण नेमके इथेच फसतात. उबुंटूच्या मुखवटा पॅकेजच्या आवृत्तीत सुरुवातीला '१:' असतो. त्याला इपॉक म्हणतात. एपीटी तुलना करताना आधी इपॉक पाहतो, बाकीचे आकडे नंतर. मोझिलाच्या पॅकेजला इपॉक नाही, म्हणजे तो शून्य. त्यामुळे मोझिलाची आवृत्ती कितीही मोठी असली तरी एपीटीच्या हिशेबात मुखवटाच नवा ठरतो आणि पुढच्या अपडेटला स्नॅप परत येतो. यावर उपाय म्हणजे 'प्रेफरन्सेस.डी' या फोल्डरमध्ये 'मोझिला' नावाची, कोणतेही एक्स्टेन्शन नसलेली फाइल करून तिच्यात या तीन ओळी लिहायच्या:

पॅकेज: *
पिन: ओरिजिन पॅकेजेस.मोझिला.ऑर्ग
पिन-प्रायॉरिटी: १०००

आकडा १००० च का? त्याहून कमी प्राधान्याने एपीटी आवृत्ती खाली आणत नाही. १००० किंवा जास्त असेल तर, त्याच्या लेखी ती 'खाली' जाणारी असली तरी, सांगितलेले पॅकेज घेतो. डेबियनवर ही अडचण मुळात कमी आहे, कारण तिथल्या पॅकेजचे नाव 'फायरफॉक्स-ईएसआर' असे वेगळे आहे. तरीही फाइल ठेवलेली बरी.

आता 'सुडो एपीटी अपडेट'. मग इन्स्टॉल करण्याआधी 'एपीटी पॉलिसी फायरफॉक्स' चालवा. 'कँडिडेट' या ओळीत मोझिलाची आवृत्ती आणि खालच्या यादीत तिच्या पत्त्याशेजारी १००० दिसले पाहिजे. ५०० दिसले तर प्राधान्याच्या फाइलचे नाव किंवा मजकूर चुकला आहे. सगळे बरोबर असेल तरच 'सुडो एपीटी इन्स्टॉल फायरफॉक्स' द्या. उबुंटूवर एपीटी 'डाउनग्रेड' होईल असे सांगून परवानगी मागेल. वर सांगितलेल्या इपॉकमुळेच हे होते, होकार द्या. प्रश्न न विचारता चालणाऱ्या आज्ञेत मात्र 'अलाउ-डाउनग्रेड्स' हा पर्याय जोडावा लागतो, नाहीतर एपीटी थांबतो.

मेनू मराठीत हवे असतील तर 'फायरफॉक्स-एल१०एन-एमआर' हे पॅकेजही घ्या.

उबुंटूवर शेवटी 'सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स' करा, पण स्नॅपचे प्रोफाइल बाहेर काढून ठेवल्यावरच. ते होम फोल्डरमधल्या 'स्नॅप', 'फायरफॉक्स', 'कॉमन' या वाटेने आत, '.मोझिला' नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते.

दुसरी वाट: मोझिलाची टार फाइल

एपीटी नसलेल्या सिस्टिमवर, किंवा दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायच्या असतील तेव्हा ही वाट सोयीची. मोझिलाच्या साइटवरून लिनक्स ६४ बिटची टार फाइल (अनेक फाइलींचे दाबलेले गाठोडे) घ्या. १३५ व्या आवृत्तीपासून तिचे एक्स्टेन्शन '.टार.एक्सझेड' आहे, जुन्या लेखांत '.टार.बीझेड२' साठीची आज्ञा दिसेल, ती आता चालत नाही. 'टार एक्सएफ' आणि पुढे फाइलचे नाव एवढेच द्या, दाबण्याची पद्धत टार स्वतः ओळखतो. 'एक्सझेड' सापडत नाही असे आले तर 'एक्सझेड-युटिल्स' हे पॅकेज घ्या.

'फायरफॉक्स' नावाचे फोल्डर तयार होईल. ते 'सुडो एमव्ही' ने 'ऑप्ट' मध्ये हलवा. होम फोल्डरमध्ये ठेवूनही चालते, पण उबुंटू २४.०४ वर ठेवू नका. तिथे अ‍ॅपआर्मर (प्रोग्रामवर बंधने घालणारी व्यवस्था) साध्या प्रोग्रामना यूजर नेमस्पेस (प्रोग्रामला वेगळ्या कप्प्यात ठेवण्याची सोय) वापरू देत नाही आणि फायरफॉक्सच्या सँडबॉक्सचा (वेब पानांना कोंडून ठेवणाऱ्या कुंपणाचा) एक थर त्यावरच उभा आहे. 'ऑप्ट' मधल्या फायरफॉक्सला सिस्टिमच्या नियमांत सूट आहे, होममधल्याला नाही. म्हणून होममधून चालवले की सुरक्षेच्या काही सोयी कमी पडतील अशी पट्टी वर दिसते. ती पट्टी नुसती बंद करू नका, फोल्डर हलवा.

फोल्डरची मालकीही महत्त्वाची आहे. तुमच्या नावाने उघडलेले फोल्डर 'एमव्ही' ने हलवले की मालकी तुमचीच राहते, त्यामुळे फायरफॉक्स स्वतःला अपडेट करू शकतो. मालकी रूटकडे दिली तर अपडेट आल्याचे कळेल, पण ते लागणार नाही. दर चार आठवड्यांनी फाइल हाताने आणावी लागेल. एकट्याच्या संगणकावर मालकी स्वतःकडे ठेवा. अनेक जण वापरत असतील तर रूटकडे द्या आणि अपडेटची जबाबदारी कोणाची ते ठरवा.

आज्ञेने उघडण्यासाठी 'यूएसआर', 'लोकल', 'बिन' मध्ये 'सुडो एलएन -एस' ने दुवा करा. हे फोल्डर शोधाच्या क्रमात साध्या 'बिन' च्या आधी येते, त्यामुळे नवाच उघडतो. मेनूसाठी '.डेस्कटॉप' फाइल लागते. तिच्या 'एक्झेक' ओळीत पूर्ण मार्ग आणि शेवटी '%यू' हवे, नाहीतर दुसऱ्या अ‍ॅपमधला दुवा दाबल्यावर रिकामी खिडकी उघडेल. 'स्टार्टअपडब्ल्यूएमक्लास' मध्ये 'फायरफॉक्स' लिहा. ते राहिले की डॉकमध्ये दोन आयकॉन दिसतात.

पुढे कधी हाताने नवी आवृत्ती टाकताना जुन्या फोल्डरवर नवे पसरवू नका. जुन्या फाइली मध्येच राहतात आणि ब्राउझर विचित्र वागतो. जुने फोल्डर काढून नवे ठेवा. प्रोफाइल वेगळ्या जागी असल्याने त्याला धक्का लागत नाही.

बुकमार्क दिसत नाहीत

घाबरू नका. वेगळ्या जागेवरून चालणारा फायरफॉक्स स्वतःचे वेगळे प्रोफाइल बनवतो, जुने जागेवरच असते. 'अबाउट:प्रोफाइल्स' उघडा, जुने प्रोफाइल मुख्य म्हणून निवडा, ब्राउझर पुन्हा सुरू करा.

स्नॅपमधून आलात तर जुने प्रोफाइल त्या यादीत दिसणार नाही. तेव्हा त्याच पानावरून नव्या प्रोफाइलचे मूळ फोल्डर उघडा, ब्राउझर बंद करा, फोल्डर रिकामे करा आणि जुन्यातल्या फाइली आत टाका. फोल्डरच आत टाकू नका, त्यातला मजकूर टाका. 'फायरफॉक्स आधीच चालू आहे' असे आले तर प्रतीबरोबर आलेली 'लॉक' आणि '.पेरेंटलॉक' काढा.

उघडतच नसेल तर

आयकॉन दाबून काहीच होत नसेल तर टर्मिनलमधून चालवा, कारण तिथे लिहून येते. 'लिबझूल' लोड होत नाही आणि पुढे 'लिबजीटीके-३' चे नाव असेल तर ती लायब्ररी नाही, पॅकेज मॅनेजरमधून घ्या. 'जीलिबसी' या मूळ लायब्ररीची अमुक आवृत्ती सापडली नाही असे असेल तर सिस्टिमच जुनी आहे. ती लायब्ररी सुटी बदलू नका. सगळी सिस्टिम तिच्यावर उभी आहे आणि टर्मिनलही चालेनासे होईल.

'एक्झेक फॉरमॅट एरर' म्हणजे प्रोसेसरसाठी चुकीची फाइल. 'यूनेम -एम' ने प्रोसेसर कळतो. उत्तर 'एआर्क६४' आले तर एआरएमची फाइल हवी, जी १३६ व्या आवृत्तीपासून मिळते. 'आय६८६' आले तर सिस्टिम ३२ बिटची आहे, आणि लिनक्सच्या ३२ बिटसाठी १४४ ही शेवटची नेहमीची आवृत्ती होती. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते 'एलएससीपीयू' मध्ये पाहा. असेल तर ६४ बिटची सिस्टिम नव्याने टाकावी लागेल.