गांजा आणि प्रोस्टेटचा कॅन्सर: संशोधन वाचताना या चुका टाळा

गांजाने प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर होतो म्हणणारे आणि गांजाने तो बरा होतो म्हणणारे, दोन्हीकडचे आढावे माझ्याकडे तपासायला येतात. चुका मात्र ठरलेल्या.

पहिली आणि सगळ्यात चीड आणणारी: एकच आकडा उचलून पळणं. एका विद्यार्थ्याने पहिल्याच स्लाइडवर लाल अक्षरांत लिहून आणलं होतं, 'धोका तिप्पट'. आकडा 1997च्या कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनेन्टे या आरोग्यसेवा संस्थेच्या अभ्यासातला. विचारलं, "मूळ पेपर वाचलास?" "नाही सर, दुसऱ्या एका आढाव्यात होता." मग त्याच्यासमोरच पेपर उघडला. 64,855 माणसं, भरती 1979 ते 1985, आणि सारांशात सरळ लिहिलेलं की गांजा आणि प्रोस्टेट कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. 3.1 पट हा आकडा पुढे येतो, तोही फक्त सिगारेट न ओढणाऱ्यांच्या उपगटात; कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची दाट शक्यता असते तो) 1.0 ते 9.5. म्हणजे धोका जराही वाढलेला नसेल किंवा साडेनऊ पट असेल, दोन्ही त्यात बसतं! "पण सर, सिग्निफिकंट आहे ना? नुसता योगायोग नाही ना?" काठावर आहे बाबा, आणि इतक्या अवयवांचे इतके उपगट तपासले की एखादा काठावर येतोच.

वयाचं तर त्याने पाहिलंही नव्हतं. भरतीच्या वेळी सगळे 15 ते 49 वर्षांचे, पाठपुरावा सरासरी 8.6 वर्षं. हा आजार बहुतेकदा साठीनंतर सापडतो. तरण्या माणसांत तो शोधायला गेलात तर हाती मोजकेच रुग्ण लागणार आणि इंटरव्हल असा ऐसपैस पसरणार. शिवाय आयुष्यात सातपेक्षा कमी वेळा गांजा घेतलेल्यांना तिथे न घेणाऱ्यांतच धरलंय. हे पद्धतीच्या भागात असतं, आणि तो भाग वाचायला कुणाला वेळ नसतो.

माझी सवय सांगतो: निष्कर्ष झाकून ठेवायचा. आधी वय, पाठपुरावा, रुग्णसंख्या आणि इंटरव्हल पेन्सिलने समासात उतरवायचं, मगच लेखकांचं म्हणणं वाचायचं.

दुसरी लाडकी चूक विरुद्ध गोटातली. 2005मध्ये एलएनकॅप या प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवर गांजातल्या घटकांसारखं काम करणारं विन 55,212-2 नावाचं रसायन वापरलं. पेशींची वाढ मंदावली, पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजता येणारं प्रथिन) आणि अँड्रोजेन रिसेप्टर (पुरुषी संप्रेरकाचा संदेश घेणारं प्रथिन) हेही घटले. चांगलं काम आहे. पण हे रसायन प्रयोगशाळेत बनवलेलं, गांजाच्या झाडात नसतंच! आणि डिशमधल्या पेशींवर मिठाचं दाट पाणी ओतलं तरी त्या मरतात. तरी मथळा ठरलेला: 'गांजा कॅन्सर मारतो'. पेशी, उंदीर की माणूस, आणि नेमका पदार्थ कोणता, एवढं पहिल्या ओळीत नसेल तर असा आढावा मी न वाचता परत करतो. उद्धटपणा वाटतो, वाटू दे.

तपासणीचा घोळ जरा सूक्ष्म आहे. प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर इतके संथ असतात की शोधल्याशिवाय सापडत नाहीत. गांजा घेणारे पीएसए तपासणीला कमी जात असतील, तर त्यांच्यात कॅन्सर कमी 'दिसेल'. लगेच गांजा संरक्षण करतो असं लिहू नका. आधी पाहा, तपासणी किती जणांनी करून घेतली याची नोंद आहे का.

गांजा घेणारे सिगारेटही ओढत असतील, तर दोष कुणाचा ते कळत नाही; तंबाखूचा हिशेब वेगळा केला नसेल तर पुढे वाचू नका.

निदान झाल्यावर दुखणं किंवा मळमळ कमी व्हावी म्हणून गांजा सुरू करणारे असतात. आधी गांजा की आधी कॅन्सर, ते तपासा.

'कधीतरी घेतला' आणि 'वीस वर्षं रोज घेतला' यांना एका रकान्यात कोंबू नका. मालही तोच राहिलेला नाही: अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातलं टीएचसी (नशा आणणारा घटक) 1995च्या सुमारास 4 टक्के होतं, 2014पर्यंत 12 टक्क्यांवर गेलं.

आणि 2017चा अमेरिकन राष्ट्रीय अकादमीचा अहवाल. प्रोस्टेट कॅन्सरशी संबंध आहे म्हणायला किंवा तो खोडून काढायला, दोन्हींसाठी पुरावा अपुरा, असं तो म्हणतो. एक गोट यातलं पहिलं अर्धं छापतो, दुसरा दुसरं. माझ्याकडे येणाऱ्या आढाव्यात हे वाक्य अख्खं उतरवलेलं लागतं.