सुईच्या पलीकडचा धोका: इंजेक्शनने नशा करणाऱ्या व्यक्तीशी एचआयव्हीबद्दल कसे बोलावे

"तू दुसऱ्याची सुई वापरतोस का?" हा प्रश्न बहुतेक जण सर्वांत आधी विचारतात आणि त्याचे उत्तर बहुधा "नाही" असेच मिळते. ते खोटे असतेच असे नाही. स्वतःची सुई जपून ठेवणाऱ्या माणसाचाही दुसऱ्याच्या रक्ताशी संबंध येऊ शकतो, फक्त तो कसा येतो हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसते. म्हणून विचारणारे घरचे असोत वा कार्यकर्ते, त्यांनी शेवटच्या वेळी काय काय घडले इथून सुरुवात करावी आणि दोष देण्याचा सूर कटाक्षाने टाळावा, कारण एकदा माणूस लपवू लागला की पुढचे सगळे विचारणे वाया जाते.

पूड कशात विरघळवली, पाणी कोणाचे होते, गाळायला घेतलेला कापूस आधी कोणी वापरला होता, वाटणी कशी झाली, हे एकेक करून विचारावे. सुई शिरेत गेली की नाही हे पाहण्यासाठी दट्ट्या किंचित मागे ओढतात, तेव्हा सिरिंजमध्ये रक्ताची बारीक लकेर उतरते, आणि दट्ट्या पूर्ण दाबल्यावरही सुईच्या बुडाशी थोडे रक्त उरतेच. तीच सुई सर्वांच्या पाण्यात बुचकळली की ते पाणी दूषित होते. तिनेच चमच्यातले द्रावण ओढले की चमचा आणि कापूसही दूषित होतो. वापरलेल्या सिरिंजने मोजून दुसऱ्याच्या सिरिंजमध्ये वाटा सोडला, तर त्याची सुई कोरी असूनही उपयोग नसतो. सिरिंजमध्ये राहिलेल्या रक्तात एचआयव्ही, तापमान अनुकूल असल्यास, 42 दिवसांपर्यंत टिकू शकतो, त्यामुळे "जुनी आहे, सुकली आहे" या समजुतीवर विसंबू नये.

सुई दुसऱ्यांदा कोणाच्या हाती जाते, हेही विचारावे. जोडीदाराकडून टोचून घेणाऱ्या स्त्रीचा क्रम पुष्कळदा नंतरचा असतो आणि नकार देणे तिच्या हाती नसते. तिच्याशी एकटीशीच बोलावे.

प्रत्येक वेळी नवी निर्जंतुक सुई-सिरिंज आणि त्याबरोबर स्वतःचे पाणी, चमचा व कापूस, एवढे जवळ असले तर धोका फार मोठ्या प्रमाणात टळतो. ब्लीचने धुणे हा अगदीच नाइलाजाचा उपाय आहे. त्याने धोका कमी होतो, पण नव्या सुईची खात्री त्यात नाही. वापरलेल्या सुया टोचणार नाहीत अशा जाड, झाकणाच्या डब्यात टाकाव्यात.

खरी कसोटी लागते ती नशा उतरताना, म्हणजे ज्याला बोलीत 'टर्की' म्हणतात तेव्हा. अंग मोडून येते, उलट्या होतात, आणि अशा वेळी समोर दिसेल ती सुई उचलली जाते. त्यामुळे हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेसाठी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन या, टर्कीचा त्रास आणि तलफ आवरणाऱ्या, औषधांचे उपचार सुरू करून देणे हा माझ्या मते एचआयव्ही टाळण्याचाच एक प्रमुख मार्ग आहे. ही औषधे तोंडावाटे किंवा जिभेखाली ठेवून घेतात, आणि 2005 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे.

दुसऱ्याची सुई वापरली गेलीच, तर वेळ दवडू नये. संपर्कानंतरची प्रतिबंधक औषधे 72 तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. असा प्रसंग वारंवार येत असेल, तर आधीपासून घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारावे. शरीरसंबंधातूनही लागण होते, म्हणून निरोधचा विषय संकोचाने टाळू नये.

तपासणी लगेच केली आणि ती निगेटिव्ह आली, तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधणाऱ्या तपासणीत लागण दिसायला 90 दिवसांपर्यंत लागू शकतात. पुढच्या तपासणीची तारीख त्याच भेटीत ठरवावी, आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार हेही तेव्हाच ठरवून घ्यावे.