मोठ्या आकाराच्या छपाईत रंग कसे सांभाळावेत: मीडिया सेटिंगपासून कलर प्रोफाइलपर्यंत

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी नागपुरातल्या फ्लेक्स छापणाऱ्या दुकानांत निळ्या रंगाची कामे रात्रंदिवस चालू असतात. संगणकाच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारा तो निळा फ्लेक्सवर उतरताना जांभळ्याकडे झुकतो, ग्राहक नाराज होतो आणि ऑपरेटर घाईघाईने रिपमध्ये (फाइलीचे मशीनला समजणाऱ्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) जाऊन मॅजेंटा, म्हणजे किरमिजी शाई, हाताने कमी करतो. निळा सुधारतो, पण त्याच फलकावरच्या छायाचित्रातला चेहरा मात्र हिरवट पडतो. रंग एकेका कामापुरता ओढूनताणून बसवण्याची ही सवय मोडायची असेल, तर छपाईच्या साखळीतली प्रत्येक कडी ठरलेल्या क्रमाने बसवावी लागते आणि त्या क्रमात प्रोफाइलचा नंबर बराच उशिरा लागतो.

प्रोफाइल म्हणजे विशिष्ट मशीन, शाई, मीडिया (ज्यावर छापायचे तो फ्लेक्स, व्हिनाइल किंवा कागद), रिझोल्यूशन आणि पास (शाई सोडणाऱ्या हेडच्या छापतानाच्या फेऱ्या) यांच्या एका जोडणीवर प्रत्यक्षात कोणता रंग उमटतो, याची मोजून केलेली नोंद. या नोंदीचा सामाईक नमुना ठरवण्यासाठी 1993 मध्ये इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम ही संस्था स्थापन झाली, म्हणूनच अशा फाइलींना आयसीसी प्रोफाइल म्हणतात. दुसऱ्या दुकानातून पेनड्राइव्हवर आणलेली प्रोफाइल वापरणे म्हणजे शेजाऱ्याच्या नंबरचा चष्मा लावणे होय. दिसते, पण नीट नाही. रंगाबद्दलच्या ज्या तक्रारी प्रोफाइलच्या माथी मारल्या जातात, त्यांतल्या पुष्कळशा माझ्या मते मीडिया सेटिंगच्या असतात, त्यामुळे या लेखात अधिक जागा मीडिया सेटिंगलाच दिली आहे.

सुरुवात खोलीपासून करावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची हवा कोरडीठाक असते. अशा हवेत व्हिनाइलवर (चिकटवायच्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर) स्थिर विद्युतभार साठतो, शाईचे बारीक थेंब जागेवर न पडता आजूबाजूला उडतात आणि काम न चालणाऱ्या नोझलच्या (हेडमधल्या शाईच्या बारीक छिद्राच्या) तोंडाशी शाई सुकते. यावर उपाय म्हणून अनेक ठिकाणी मशीनच्या दिशेने कूलर लावलेला दिसतो. तो माणसांसाठी ठीक आहे, मशीनसाठी नाही. कूलरची हवा धूळ घेऊन येते, रोलच्या एका कडेवर ओल धरवते आणि टाकीतले पाणी संपले की खोलीतली आर्द्रता झपाट्याने उतरते. शक्य असल्यास मशीनची खोली वेगळी करून तिथे एसी लावावा, भिंतीवर आर्द्रतामापक टांगावा आणि आर्द्रता साधारण 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान राहील असे पाहावे. पावसाळ्यात अडचण उलटी होते. कागदी मीडिया आणि कॅनव्हास ओलावा पिऊन फुगतात, म्हणून असे रोल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि छपाईच्या आदल्या दिवशीच मशीनच्या खोलीत आणून ठेवावेत.

त्यानंतर नोझल चेक, म्हणजे सर्व नोझल चालतात का हे दाखवणारा रेघांचा नमुना, काढावा. एखाद्या रंगाच्या रेघा तुटत असतील तर हेड साफ होईपर्यंत पुढचे काहीही करू नये, कारण अर्धवट चालणाऱ्या हेडवर घेतलेले प्रत्येक मोजमाप खोटे ठरते.

आता मीडिया सेटिंग. रिपमध्ये किंवा मशीनच्या पॅनेलवर प्रत्येक मीडियासाठी स्वतंत्र नोंद तयार करावी. स्टार फ्लेक्स, मागून दिवा लावायचा बॅकलिट फ्लेक्स, ग्लॉसी व्हिनाइल, काचेवर लावायचे छिद्रांचे वन वे व्हिजन आणि कॅनव्हास ही सगळी एकाच ‘व्हिनाइल’ नावाखाली चालवू नयेत. पहिली गोष्ट हेडच्या उंचीची. हेड मीडियापासून जितके उंच, तितका थेंबाचा नेम चुकतो आणि अक्षरांच्या कडा धूसर होतात. हेड फार खाली असेल तर फुगलेल्या मीडियाला घासते. म्हणून मीडिया अडथळा न होता सरकेल इतपत, पण शक्य तेवढी कमी उंची ठेवावी. दुसरी गोष्ट हीटरची. इको-सोल्व्हंट शाईसाठी (सौम्य द्रावकात बनवलेल्या, उष्णतेने सुकणाऱ्या शाईसाठी) छपाईच्या जागेचे तापमान बहुधा 35 ते 45 अंशांच्या दरम्यान असते. तापमान कमी पडले तर गडद भागात शाई साचून एकमेकींत मिसळते. जास्त झाले तर पातळ व्हिनाइलला लाटा येतात. उन्हाळ्यातल्या आणि डिसेंबरच्या थंडीतल्या खोलीत फार फरक पडतो, तेव्हा उन्हाळ्यात ठरवलेले आकडे हिवाळी अधिवेशनाच्या गर्दीत जसेच्या तसे चालतील असे गृहीत धरू नये.

तिसरी गोष्ट फीडची, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. प्रत्येक पासनंतर मीडिया किती सरकावा हे मशीनला सांगावे लागते आणि ते माप मीडियाची जाडी, रोलचे वजन आणि ताण यांवर बदलते. फीडची चाचणी छापून पट्ट्यांच्या जोडांकडे भिंगातून पाहावे. जोडावर गडद रेघ दिसली तर पट्टे एकमेकांवर चढत आहेत, म्हणजे फीड कमी आहे. पांढरी फट दिसली तर फीड जास्त आहे. दोन्ही नाहीशा होईपर्यंत आकडा थोडा थोडा बदलावा. रोल नवा आणि जड असताना केलेली ही जुळणी रोल संपत आला की पुन्हा तपासावी. त्याच बैठकीत दोन्ही दिशांच्या छपाईची जुळणीही करावी: हेड डावीकडून जाताना आणि उजवीकडून परतताना काढलेल्या उभ्या रेघा एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. बॅन्डिंग, म्हणजे छपाईत आडवे पट्टे, दिसले की पास वाढवण्याकडे ऑपरेटरचा कल असतो, पण त्याने वेळ दुप्पट होतो आणि चुकलेली जुळणी तशीच राहते.

यानंतर शाईची मर्यादा ठरवावी. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या प्रत्येक रंगाची 0 पासून 100 टक्क्यांपर्यंतची पट्टी छापून ती पूर्ण सुकू द्यावी. एका ठिकाणापुढे शाई वाढली तरी रंग अधिक खुलत नाही. सायन निळसर आणि मॅजेंटा लालसर होऊ लागतो. ती जागा हीच त्या शाईची मर्यादा. मग चारही रंग मिळून किती शाई मीडिया पेलतो ते पाहावे. कागदोपत्री ही बेरीज 400 टक्क्यांपर्यंत जाते, पण व्हिनाइलवर ती बहुतेक वेळा 300च्या आतच ठेवावी लागते. तपासणीसाठी गडद पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरे छापावीत. अक्षरांची पोकळी भरून आली किंवा बोट लावल्यावर शाई चिकट वाटली, तर मर्यादा खाली आणावी. शाई वाचते आणि सुकण्याचा वेळही वाचतो.

मर्यादा ठरल्यावर लिनिअरायझेशन, म्हणजे प्रत्येक शाईची फिकटपासून गडदपर्यंतची चढण एकसारखी करणे, हाती घ्यावे. थेंब मीडियावर पसरत असल्यामुळे 50 टक्क्यांचा ठिपका प्रत्यक्षात 50पेक्षा बराच गडद उमटतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरने (रंग मोजणाऱ्या उपकरणाने) पट्ट्या मोजल्या की रिप प्रत्येक रंगाची चढण समान करून घेते. हे झाल्याशिवाय प्रोफाइलचा चार्ट छापू नये.

प्रोफाइलचा चार्ट म्हणजे शेकडो रंगांच्या चौकोनांचा तक्ता, प्रमाणित आयटी8.7/4 या तक्त्यात 1,617 चौकोन असतात. तो छापताना पास, रिझोल्यूशन, हीटर आणि मीडिया हे सर्व रोजच्या कामासारखेच ठेवावे, रिपमधील रंगदुरुस्ती बंद करावी आणि तक्ता पुरता सुकल्यावरच मोजावा, कारण ओली शाई वेगळे आकडे देते. उपकरण विकत घेणे परवडत नसेल तर त्याच मीडियाच्या आणि शाईच्या उत्पादकाने आपल्या मशीनसाठी दिलेली प्रोफाइल वापरावी, पण लिनिअरायझेशन स्वतःच्या मशीनवर करून घ्यावे. तयार प्रोफाइलला नाव देताना मशीन, मीडिया, रिझोल्यूशन, पास आणि महिना नावातच लिहावा. ‘फायनल न्यू 2’ या नावाची फाइल सहा महिन्यांनी कोणाच्याच कामाची राहत नाही.

आता ग्राहकाच्या फाइलकडे वळू. छायाचित्रे शक्यतो आरजीबीतच (पडद्याच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीतच) स्वीकारावीत आणि त्यांना एसआरजीबी किंवा अडोबी आरजीबी यांपैकी जी प्रोफाइल आहे ती जोडलेली ठेवण्यास डिझायनरला सांगावे. प्रोफाइल काढून टाकलेल्या फाइलीत रंगांचा अर्थ रिपला अंदाजाने लावावा लागतो. सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या पद्धतीतली) फाइल आली, तर ती कोणत्या प्रोफाइलने बनवली आहे ते विचारावे. फोटोशॉपची मूळ उत्तर अमेरिकी सेटिंग तशीच ठेवली असेल तर ती यूएस वेब कोटेड स्वॉप व्ही 2 असते, आणि रिपच्या इनपुट प्रोफाइलमध्येही तीच निवडावी. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा आणि रिपमध्ये पुन्हा एकदा रंगांतर होणे ही नेहमीची चूक आहे. रंगांतर एकाच जागी, शक्यतो रिपमध्ये, व्हावे आणि बाकी सर्वत्र ते बंद असावे.

रेंडरिंग इंटेंट, म्हणजे मशीनला न जमणारे रंग जमणाऱ्या रंगांत कसे बसवायचे याची पद्धत, कामाप्रमाणे निवडावे. छायाचित्रांसाठी पर्सेप्च्युअल, बोधचिन्हे आणि सपाट रंगांसाठी रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, आणि दुसऱ्या छपाईची हुबेहूब प्रूफ काढायची असेल तरच अॅब्सोल्यूट. अॅब्सोल्यूटमध्ये त्या दुसऱ्या छपाईच्या कागदाचा पांढराही नकलेत येतो, त्यामुळे कोऱ्या जागेवरही फिकट रंग छापला जातो.

आता तो निळा. डिझायनर 100 टक्के सायनबरोबर 90 किंवा 100 टक्के मॅजेंटा देतात आणि कागदावर ते मिश्रण जांभळेच होते. सायन 100 असेल तर मॅजेंटा 60 ते 70 टक्क्यांच्या वर नेऊ नये. यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे या निळ्याला फाइलीत स्पॉट कलर (स्वतःच्या नावाचा, वेगळा ठेवलेला ठराविक रंग) म्हणून नाव द्यावे आणि रिपच्या स्पॉट यादीत त्याचे मिश्रण एकदाच जुळवून ठेवावे. मग चेहऱ्याच्या रंगाला धक्का न लागता निळा दरवेळी सारखा येतो. संत्र्याच्या जाहिरातीतल्या भडक नारिंगी रंगाची गोष्ट वेगळी आहे. पडद्यावरचा तो रंग चार शायांच्या मशीनच्या आवाक्याबाहेर असू शकतो आणि कोणतीही प्रोफाइल तो आणू शकत नाही. अशा वेळी ग्राहकाला छोटा नमुना छापून दाखवावा, तो जिथे लागणार आहे तसल्या उजेडात दाखवावा आणि त्यावर सही घ्यावी. बॅकलिटचा नमुना मागून दिवा लावूनच पाहावा.

लॅमिनेशन, म्हणजे छपाईवर पारदर्शक पातळ थर चिकटवणे, करायचे असल्यास इको-सोल्व्हंट छपाई निदान 24 तास मोकळी ठेवावी, रोल घट्ट गुंडाळू नये. लॅमिनेशनने रंग गडद दिसतात, म्हणून नमुनाही लॅमिनेट करूनच मंजूर करून घ्यावा.

प्रत्येक नव्या रोलच्या सुरुवातीला एकच ठरावीक पट्टी छापावी: सायन, मॅजेंटा आणि पिवळा यांच्या मिश्रणातून बनलेला करडा, तो निळा, नारिंगी आणि एक चेहरा. पट्टीमागे रोलचा लॉट क्रमांक आणि तारीख लिहून ती फाइलीत लावावी. करडा रंग सर्वांत आधी बिघडतो. तो लालसर किंवा हिरवट दिसला तर आधी नोझल चेक आणि तापमान पाहावे, मग लिनिअरायझेशन पुन्हा करावे. शाईची कंपनी, हेड किंवा मीडिया बदलला असेल तेव्हाच नवी प्रोफाइल करायला घ्यावी.