दुपारी दोनला बंद पडणारा पीसी

आर्णीजवळचं आमचं गाव. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, आणि दुकानातला जुना कोअर टू ड्युओ प्रोसेसरचा पीसी दुपारी दोन वाजले की धाडकन बंद. शेजारचे काका म्हणाले, "पॉवर सप्लाय गेला बाप्पा, बदलून टाक." मी म्हटलं, आधी ताप मोजू.

लिनक्सवर एलएम-सेन्सर्स हे मशीनचा ताप दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं, मग त्यातली सेन्सर शोधणारी सेन्सर्स-डिटेक्ट ही कमांड चालवली. ती एकेक प्रश्न विचारते. घाईत सगळ्यांना 'यस' ठोकू नका, नुसतं एंटर दाबा. धोक्याच्या तपासणीला आपोआप 'नो' जातं. भलत्या चिपला हात लागला तर मशीन अडकू शकतं, म्हणून उघड्या फायली आधी सेव्ह केल्या. प्रोसेसरचा ताप वाचणारं कोअरटेम्प मॉड्यूलही (लिनक्सला जोडायचा छोटा भाग) मोडप्रोब कमांडने तात्पुरतंच चढवलं. बिनसलं असतं तर रीस्टार्टने सुटका. दोन दिवस नीट चालल्यावर मगच मशीन सुरू होताना आपोआप चढणाऱ्या मॉड्यूलच्या यादीत टाकलं.

आकडे: नुसता चालू असताना ७१, व्हिडिओ लावला की ९६! एक ओळ १२७ दाखवायची, पण ती न जोडलेल्या सेन्सरची. मी उगाच घाबरलो.

हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, उघडला तर आत कापसाच्या तंतूंची गादीच. ब्रशने झाडला, प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट नवी लावली. आता भर दुपारी ६८. पॉवर सप्लाय तोच आहे.